पातळ फळीची गिटार

मांडव्याच्या रस्त्याला बंगला असलेले एक गृहस्थ माझ्याकडून नवीकोरी गिटार घेऊन गेले आणि आठवडा उलटायच्या आत ती परत घेऊन आले. गाडीतून उतरतानाच कपाळाला आठ्या. तक्रार अशी, की तार छेडली की आवाज येतो मोठा, पण लगेच विझतो. त्यांच्या मुलाकडे बाजारातून आणलेली गिटार होती. ती म्हणे एकदा छेडली की चहा संपेपर्यंत गुणगुणत राहते. मी त्यांना खुर्ची दिली, सुनंदाने कोकम सरबत आणून दिलं. मग मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं, की साहेब, हा आवाज असा विझावा म्हणूनच मी इतकी वर्षं डोळे फोडले आहेत. नम्रपणा मला जमत नाही असं सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे. गृहस्थ गिटार माझ्या बाकावर ठेवून निघून गेले.

राग आला, खोटं कशाला बोलू. पण त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं. आपल्याकडे वाद्य म्हटलं की सुराची आस लांबली पाहिजे. तंबोरा घ्या, सतार घ्या, देवळातली घंटासुद्धा जितकी घुमेल तितकी चांगली. आणि माझ्याकडे यायचं ते नेमकी याच्या उलटी गोष्ट घ्यायला. माणूस बिचकणारच.

माझं दुकान नागावात समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारळाच्या वाडीत मागच्या अंगाला आहे. पुढच्या अंगाला चुलतभावाचं होमस्टे. त्यामुळे बनाना राइड करून परतलेली माणसं ओल्या टॉवेलासकट वाट चुकून माझ्याकडे शिरतात. भिंतीवर अर्ध्याकच्च्या गिटारी टांगलेल्या, हवेत सरसाचा वास आणि मधोमध नाकावर चष्मा घेऊन बसलेला मी. पहिला प्रश्न ठरलेला, या भाड्याने मिळतात का. दुसराही ठरलेला, काका, एखादं गाणं वाजवून दाखवा ना. मला गिटार वाजवता येत नाही. सूर लावता येतो, तारांवर दोनचार फटकारे मारून लाकूड कसं बोलतंय ते ऐकता येतं, त्यापुढे हात जात नाही. हे सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. पण चूल घालणाऱ्याला पुरणपोळी लाटता आलीच पाहिजे असं कुठे आहे?

मी करतो त्या गिटारींना फ्लेमेंको गिटार म्हणतात. फ्लेमेंको म्हणजे स्पेनच्या दक्षिणेकडचं गाणं आणि नाच. एक गाणारा, भोवती टाळ्यांचा ताल धरणारे आणि लाकडी फळ्यांवर टाचा आपटत नाचणारी बाई किंवा बाप्या. आपल्याकडचा बाल्या नाच रंगात आला की जमीन जशी बोलायला लागते, तसंच काहीसं. आता या सगळ्या खणखणाटात गिटारीचा प्रत्येक सूर लांबत राहिला तर सुरांचं पिठलं होईल. म्हणून तो लाहीसारखा यावा लागतो, फुटला की संपला. वाजवणारा मूठ उघडतो तशी बोटं एकामागून एक तारांवर आपटतात, आणि त्यातल्या प्रत्येक बोटाचा फटका कानाला वेगळा लागला पाहिजे. आवाज कोरडा हवा, तडतडीत हवा, आणि टाचांच्या वरून ऐकू जाईल इतका धीटही हवा.

हे सगळं येतं हलकेपणातून. नेहमीच्या चांगल्या गिटारीची पाठ आणि कुशी शिसवीसारख्या जड लाकडाच्या असतात. हिच्या असतात सायप्रसच्या. फिकट पिवळं, उचललं की फसवल्यासारखं हलकं आणि रंध्याखाली तिखट सुवास सोडणारं लाकूड. ते झाड चित्रात मला आमच्या किनाऱ्यावरच्या सुरूसारखं उंच, निमुळतं दिसलं, म्हणून सुरुवातीला मी वादळात पडलेल्या एका सुरूचा ओंडका फाडून बघितला. फळ्या वाळता वाळता जिलबीसारख्या वळल्या आणि पाणी तापवायला उपयोगी पडल्या. मग मुकाट्याने हिमालयाकडचं सायप्रस मागवायला लागलो. तारांखालची पुढची फळी, जी खरी गाते, ती मात्र थंड मुलखातल्या स्प्रूसची. जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास, कडेला त्याहून कमी. तिला आतून पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पट्ट्या चिकटवतात, नाहीतर तारांच्या ताणाने ती बसेल. गिटारीचं पोट, म्हणजे पोकळ पेटी, उथळ ठेवायची. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी बुटकी ठेवायची, म्हणजे तारा फळीच्या आणि मानेवरच्या पडद्यांच्या अगदी जवळ येतात आणि वाजताना किंचित कुरकुरतात. दुसऱ्या गिटारीत ही कुरकुर म्हणजे दोष. इथे ती आमटीतल्या मिठासारखी, बेताची पण हवीच.

फ्लेमेंको वाजवणारा मधेमधे बोटाने फळीवरच ठोका मारतो. एवढ्या पातळ फळीला त्याने खड्डे पडू नयेत म्हणून तिच्यावर पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असतो. पुण्याच्या एका तरुणाला मी गिटार दिली तेव्हा त्याच्या वडिलांनी तो पापुद्रा पॅकिंगचं प्लास्टिक समजून नखाने सोलून काढला, वर गिटार पुसूनही ठेवली. आपल्याकडे नव्या फ्रिजवरचं प्लास्टिक पोरांची लग्नं होईपर्यंत कुणी काढत नाही, आणि या गृहस्थांना नेमकी माझ्याच मालावर स्वच्छतेची हौस आली. पापुद्र्याबरोबर पॉलिशही निघून आलं होतं. सुनंदाने ते पुन्हा केलं. आमच्याकडे चपड्याचं पॉलिश तीच करते, कापडाचा बोळा घेऊन, गोल गोल, आठवडेच्या आठवडे. तिच्याइतका धीर माझ्यात नाही, आणि कानही तिचाच जास्त तयार आहे.

माझं मूळ गाव रेवसजवळ, खाडीकाठी. रामामामा, आईचा सख्खा भाऊ, लाकडी होड्या बांधायचा. सुतारकाम मी त्याच्याकडे शिकलो. मामाचा धर्म एकच, फळी जाड ठेव. "नाखवा दर्यात जातो तो आपल्या फळीवर," असं तो म्हणायचा. रंधा मारताना शंका आली की थांबायचं, कारण लाकूड काढता येतं, परत घालता येत नाही. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि आमचं काम आटलं. मी रेवसहून लाँच पकडली, भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि मुंबईत वाद्यांच्या एका कारखान्यात लागलो. तिथे एकदा स्पेनमध्ये बांधलेली जुनी गिटार दुरुस्तीला आली. पाठ उघडली तेव्हा मी आत बघतच राहिलो. बरगड्या होत्या, कणा होता, सगळं होडीसारखंच. पण इतकं पातळ, की मामाने बघितलं असतं तर बांधणाऱ्याला खाडीत ढकलला असता. कुणीतरी जाणूनबुजून ती मोडायच्या बेतापर्यंत आणली होती आणि तिथे थांबला होता. त्या दिवसापासून मला दुसऱ्या कुठल्या गिटारीत गोडी वाटेना.

पण हात मामाचा होता. रंधा चालता चालता हात आपणहून म्हणतो, इथे जरा राहू दे. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. होडीवर वाढलेल्या सुतारांचाच हा रोग आहे. माझ्या पहिल्या गिटारी घेऊन कुणी मांडव्यापर्यंत वल्हवत गेला असता तरी बुडाला नसता.

दुसरी अडचण आमच्या हवेची. पावसाळ्यात इथे लाकूड पाणी पिऊन फुगतं. फुगलेली फळी पट्ट्यांना चिकटवली तर थंडीत हवा सुकल्यावर ती आकसते आणि उभी फाटते. म्हणून कोळी जशा होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत काठावर ओढून ठेवतात, तसं मी मिरगापासून दसऱ्यापर्यंत फळी चिकटवतच नाही. त्या काळात माना कोरायच्या, खुंट्या घासायच्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, आणि मगच सरस तापवायला ठेवायचा. पेणकडे माझा एक मिठागरवाला मित्र आहे, हशाराम. त्याला हा नियम म्हणजे आळशीपणा वाटायचा. मीठ पाणी ओढून घेतं, दुकानात मिठाच्या गोण्या ठेव आणि बारा महिने काम कर, असं त्याने सुचवलं आणि नको नको म्हणताना टेम्पोत टाकून घेऊनही आला. मिठाने पाणी ओढलं हे खरं, पण ओढलेलं धरून ठेवणं काही त्याला जमलं नाही. बघता बघता गोण्यांखालून ओघळ सुटले आणि माझ्या दुकानातच मिठागर झालं. हत्यारांना तांब चढली ती निराळीच. हशाराम म्हणाला की मीठ यंदाचं नव्हतं, म्हणून असं झालं.

जोकीमभाऊ माझ्याकडे आले ते अशाच ओल्या दिवसांत, गणपती नुकते गेले होते तेव्हा. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे, तिथले ते ख्रिस्ती. आपसात अजून जुन्या पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारं ते गाव. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मोठ्या प्रवासी जहाजांवर बँडमध्ये गिटार वाजवली. जहाज स्पेनच्या एका बंदरात थांबायचं तेव्हा तिथल्या खानावळीत एका म्हाताऱ्याशेजारी बसून ते फ्लेमेंको शिकले. मुलगी लॉरेटा लहान असताना घरी सुट्टीवर आले की ते वाजवायचे आणि ती ओट्यावर टाचा आपटायची. ती आता मुंबईत हाच नाच शिकवते. त्यांना घेऊन तीच आली होती.

जोकीमभाऊंना वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र पुरता परतला नव्हता. बोटं हलायची, पण त्यांत जोर नव्हता. गिटारीत डाव्या हाताने तारा पडद्यांवर दाबाव्या लागतात, तेव्हा कुठे सूर ठरतो. सोबत आणलेल्या त्यांच्या जुन्या गिटारीची मान इतक्या वर्षांच्या दमट हवेने वर उचलली गेली होती, तारा उंच झाल्या होत्या. त्या दाबायला धडधाकट माणसाचीच बोटं भरून आली असती. मी ती उलटीपालटी करून बघितली. या पद्धतीच्या बांधणीत मान आणि पेटी एकमेकींत गुंतवून एकदमच बांधतात, त्यामुळे नंतर मान उतरवून बसवण्याची सोय नसते. मी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा भाऊंच्या चेहऱ्यावर दुःखाऐवजी सुटका दिसली.

ते वाडीत लघवीला गेले तेवढ्यात लॉरेटाने घाईघाईने सगळं सांगून टाकलं. नाताळच्या सुट्टीत अलिबागला तिचा स्वतःचा पहिला मोठा कार्यक्रम होता. सगळ्यांनी सांगितलं होतं की मुंबईचा गिटारवाला घे, नाहीतर रेकॉर्डिंगवर नाच. आई गेल्यापासून घरात वडील एकटे, आणि झटक्यानंतर तर ते खिडकीशी बसून असायचे. गिटारीला कापड गुंडाळून त्यांनी ती माळ्यावर टाकली होती. "काका, मला गिटारवाला दुसरा मिळेल," ती म्हणाली. "पपा दुसरे कुठून आणू? ते त्या खिडकीतच संपून जातील."

भाऊ परत आले. मी त्यांना म्हटलं, नवी बांधतो. ते हसले आणि डावा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे बोट दाखवलं. "मेस्तरी, गिटार नवी होईल. ह्यो कुठनं नवा आननार?"

रेकॉर्डिंगवर नाचू दे मग पोरीला, असं मी मुद्दामच टाकलं. तेव्हा मात्र ते ताठ झाले. रेकॉर्डिंगला डोळे न्हाईत, म्हणाले. नाचणारीचा पाय कुठे रेंगाळतो, ती श्वास कधी घेते, हे बघत बघत गिटार वाजवायची असते. गिटारवाला समोरच्या लोकांकडे बघत नाही, पायांकडे बघतो. ते ऐकून मला कळलं की या माणसाचं वाजवणं अजून आत शाबूत आहे. बांधायची असं मी त्याच क्षणी ठरवलं.

दसरा झाला, सरस तापला आणि मी कामाला लागलो. मान नेहमीपेक्षा सपाट बसवली, पडद्यांमधली अंतरं जरा आखूड धरली, म्हणजे बोटांना ताण कमी. कुशी पाण्यात भिजवून तापलेल्या नळीवर वाकवल्या, पट्ट्या चिकटवल्या, पाठ लावून पेटी बंद केली. पॉलिशच्या आधी मी नेहमी तारा चढवून बघतो, तशा चढवल्या आणि भाऊंना आणि लॉरेटाला बोलावलं. आवाज सुरेख होता, स्वतःच सांगतो. पण भाऊंनी डावी बोटं ठेवली, दाबली आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. चार सूर निघाले, पाचव्याला बोट घसरलं. त्यांनी गिटार हळूच बाकावर ठेवली आणि माझंच सांत्वन करायला लागले. चांगली झालीय, दुसऱ्या कुणाला दे, म्हणाले.

मग मी तिच्यावर कमी ताणाच्या, मऊ तारा चढवल्या. आता बोटं दाबत होती, चेहरा उजळला होता. पण मऊ तारा फळीला हलवणार किती? आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा येत होता. टाचांपुढे त्याचा निभाव लागणं शक्यच नव्हतं. लॉरेटा हात चोळत उभी होती. सुनंदाने पुढे येऊन फळीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि मला म्हणाली, "ही अजून पाटासारखी वाजतेय. तुम्ही पुन्हा मामांचं ऐकलंत."

खरं होतं. मऊ तारांना हलवता येईल अशी फळी करायची तर ती आणखी पातळ करायला हवी होती, आणि पेटी तर बंद झालेली. म्हणजे बाहेरूनच लाकूड काढायचं, आत पट्ट्या कुठे आहेत ते आठवून, अंदाजाने. थोडं जास्त निघालं तर सगळी गिटार गेली, दुसरी बांधायला वेळ नव्हता. त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. इतकी पातळ फळी फार टिकत नाही. मऊ तारा असतील तोवर ती तग धरेल, पण आमच्या हवेत किती पावसाळे, हे मी सांगू शकत नव्हतो. आयुष्यात मी वस्तू टिकवायला शिकलो होतो. लवकर मोडणार हे माहीत असून एखादी गोष्ट कुणाच्या हाती द्यायची, याची मला लाज वाटत होती. मी भाऊंना बाजूला घेऊन हे सगळं स्पष्ट सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर चांगला हात ठेवला. "मेस्तरी, माजी तरी ग्यारंटी कोन देतंय? दोगं बी जाऊ तवर जाऊ. काढ तू लाकूड."

मी रंधा बाजूला ठेवला, त्याने फार निघालं असतं. पोलादाची पातळ पट्टी घेतली आणि कडेकडेने खरवडायला सुरुवात केली. भुसा नव्हे, कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघत होते. थोडं खरवडायचं, अंगठ्याने दाबून बघायचं, सुनंदाने टकटक करायची. ती मान हलवायची, मी पुन्हा खरवडायचो. हात थांबायला बघायचा, आणि मी त्याला शिव्या देत पुढे ढकलायचो. भाऊ स्टुलावर बसून जहाजावरच्या स्वयंपाक्यांच्या गोष्टी सांगत होते. मी एकही ऐकली नाही. लॉरेटा बाहेर जाऊन नारळाखाली उभी राहिली होती, तिला बघवत नव्हतं. शेवटी अंगठा दाबला की फळी किंचित खाली जाऊन परत वर यायला लागली, झोपलेल्या लेकराचं पोट हलावं तशी. सुनंदाने टकटक केलं आणि पॉलिशचा बोळा शोधायला गेली.

तारा पुन्हा चढवल्या. भाऊंनी उजव्या हाताची मूठ उघडली आणि दुकान भरून गेलं. त्याच मऊ तारा, पण आवाज असा तडकून उठला की बाहेरून लॉरेटा धावत आत आली. कोरडा, मोठा आणि लगेच संपणारा. भाऊ थांबले, डाव्या बोटांकडे बघितलं आणि पुन्हा वाजवलं. मला ते रडताहेत असं वाटलं, पण ते हसत होते. रडत मी होतो. सुनंदाने पॉलिशच्या चिंध्यांतली एक माझ्याकडे फेकली. तिला स्पिरिटचा वास होता, त्यामुळे डोळ्यांना आणखीच पाणी आलं.

अलिबागच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं पुढच्या रांगेत होतो. लॉरेटाने लाल झगा घातला होता. भाऊ काळ्या सदऱ्यात तिच्या डावीकडे खुर्चीवर. पहिली दोन नृत्यं मी बघितलीच नाहीत, कारण मी फक्त माझी फळी बघत होतो. फाटते का, बसते का. तिसऱ्याला टाचा भराभर पडायला लागल्या आणि गिटार त्यांच्या बरोबरीने चालली होती. मधेच भाऊंचा डावा हात दमला. सुनंदाला कळलं, मला कळलं, हॉलमधल्या इतरांना कळलं नसावं. सूर अर्ध्यात सुटला, बोटं तारांवर नुसतीच टेकली. लॉरेटाने त्यांच्याकडे मान वळवली. तिने टाचांचा वेग उतरवला, इतका उतरवला की एकेक टाच वेगळी ऐकू यायला लागली, आणि ती वडिलांच्या हाताकडे बघत तशीच थांबून थांबून पावलं टाकत राहिली. गिटारवाल्याने पायांकडे बघायचं असतं. इथे पाय हाताची वाट बघत होते. बोटं पुन्हा वळली, पुन्हा दाबली, सूर उठला आणि तिने पुन्हा वेग घेतला. लोकांना वाटलं हे असंच बसवलेलं आहे. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्यानंतर भाऊंनी गिटार माळ्यावर टाकली नाही. लॉरेटा फोनवर सांगायची की सकाळी उठले की चहाच्या आधी गिटार, चर्चमधून आले की गिटार. शेजारी वैतागले आहेत, असं ती मोठ्या आनंदाने सांगायची. मी दर वेळी एकच निरोप द्यायचो, तारा मऊच ठेवायच्या, दुसऱ्या चढवायच्या नाहीत. आणि पावसाळ्यात गिटार तिच्या ठेवायच्या पेटीतून बाहेर काढायची नाही. दुसरा निरोप ते पाळणार नाहीत हे मला माहीत होतं.

दुसरा पावसाळा सरला तेव्हा जोकीमभाऊ एकटेच एसटीने नागावला आले. गिटार ठेवायची पेटी डाव्या हातात होती. ती त्यांनी माझ्या बाकावर ठेवली, उघडली आणि शाळेतल्या पोरासारखे बाजूला उभे राहिले. फळी मधोमध बसली होती. घोडी पुढे झुकली होती, आतली एक पट्टी सुटून लोंबत होती, कडेला उभी चीर. हिचं काहीही होण्यासारखं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण हवेला दोष देऊन मी मनाची समजूत घातली. मग माझं लक्ष तारांकडे गेलं. त्या मऊ नव्हत्या. बाजारातल्या सगळ्यात कडक, ताठ ताणाच्या तारा त्या पापुद्र्याएवढ्या फळीवर चढवलेल्या होत्या.

माझं डोकं फिरलं. इतक्यांदा बजावून, इतका जीव काढून केलेली वस्तू! सुनंदा आतून बाहेर आली इतका माझा आवाज चढला. या तारा कुणी चढवल्या, असं मी विचारलं. मीच, असं ते म्हणाले. कशाला, म्हणून मी ओरडलो.

जोकीमभाऊंनी डावा हात वर केला, बोटं मिटली, उघडली.

"काय करू, मेस्तरी," ते म्हणाले. "त्या पयल्या आता लई मऊ लागाया लागल्या."

मी खाली बसलो. माझ्या हातची गिटार मोडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.